मुख्याध्यापकांच्या सहीखाली काय असते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनमध्ये शाळा उघडल्या की दोन-तीन आठवड्यांत पालकसभा सुरू होतात. मुंबईतल्या कुठल्याही शाळेच्या सभेला बसा, प्रश्न बहुतेक तेच असतात. मुलाची तुकडी का बदलली, गणवेश अमुकच दुकानातून का, गॅदरिंग कधी, बाई ग्रुपवर उत्तर का देत नाहीत. यातले बरेचसे वर्गशिक्षक आणि पर्यवेक्षकच सोडवू शकतात. पण जे काम नियमाने आणि कायद्याने मुख्याध्यापकांचे आहे, ज्या कागदाखाली त्यांची सही आणि शाळेचा गोल शिक्का पडतो, त्याबद्दल सभेत कोणी चकार शब्द काढत नाही. शाळेचे कार्यालय आम्ही वर्षानुवर्षे आतून पाहिले आहे. मुख्याध्यापकांकडे हक्काने काय मागावे आणि काय मागू नये, हे पालकांना नेमके कळावे म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे, पण तपशील गाळून हे सांगता येत नाही.

सुरुवात जनरल रजिस्टरपासून. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची त्यात एक आडवी ओळ असते. रजिस्टर क्रमांक, पूर्ण नाव, आईचे नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख आणि इयत्ता. शेवटचे रकाने कोरे राहतात, ते शाळा सोडताना भरले जातात. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे याच ओळीची नक्कल. दहावीच्या बोर्डाच्या अर्जावर नाव जाते ते इथून, आणि पुढे जात पडताळणीच्या वेळी पुरावा म्हणून शोधली जाते तीही हीच ओळ.

चुका इथे कशा शिरतात ते पाहा. प्रवेशअर्ज इंग्रजीत भरलेला, रजिस्टर मराठीत. लिपिक कानाला येईल तसे लिहितो आणि 'श्रेयस'चा 'श्रेयश' होतो. जन्मदाखल्यावर आडनाव एका पद्धतीने, आधारवर दुसऱ्या. हाताने लिहिलेला देवनागरी ६ आणि ९ घाईत एकमेकांसारखे दिसतात, म्हणून अंकी तारखेत जून आणि अक्षरी तारखेत सप्टेंबर अशी ओळ तयार होते. पोटजात लिहायची राहते. त्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही, बारा-पंधरा वर्षांनी पडताळणी समितीपुढे येते.

मूल त्या शाळेत शिकत असेपर्यंत ही दुरुस्ती आवाक्यातली असते. पालकांचा अर्ज, जन्मदाखला, लागेल तिथे राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र, मुख्याध्यापकांचा प्रस्ताव, शिक्षण खात्याची मंजुरी आणि मग रजिस्टरात लाल शाईने दुरुस्ती, शेजारी आदेशाचा क्रमांक, तारीख आणि सही. मूल शाळा सोडून गेले की तेच काम किचकट होते, कधी कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून आमची पहिली मागणी साधी आहे: पहिलीत प्रवेश झाल्यावर आणि पुन्हा आठवी-नववीत, मुख्याध्यापकांनी प्रत्येक पालकाला त्याच्या मुलाची ओळ दाखवावी, मूळ जन्मदाखल्याशी ताडून घ्यावी आणि पालकाची सही घ्यावी. एका तुकडीला एक दुपार पुरते. पालकांनी हे स्वतःहून मागावे. "रजिस्टर बाहेर काढता येत नाही" असे उत्तर आले तर त्याच टेबलावर, लिपिकासमोर पाहू द्या म्हणावे. रजिस्टर शाळेबाहेर नेता येत नाही हे खरे, पण ते पालकाला दाखवायचेच नाही असे कुठे म्हटलेले नाही.

दाखल्याबद्दलही एक गोष्ट ठाऊक असू द्या. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५: मूल सरकारी, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत जायला निघाले असेल तर आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी बदलीचा दाखला ताबडतोब द्यायचा आहे. तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही, आणि जे मुख्याध्यापक मुद्दाम उशीर करतील ते त्यांच्या सेवानियमांनुसार शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरतात. तरी "उद्या या", "सर मीटिंगला गेलेत" म्हणत पालकांना चार-चार फेऱ्या घालायला लावणारी कार्यालये आहेत. फेरी टाळायची तर तोंडी मागू नका.

तक्रारीचेही तसेच. कोणताही अर्ज दोन प्रतींत न्यावा, एक कार्यालयात द्यावी, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. शाळेत आवक-जावक वही असतेच. आवक क्रमांक पडला की कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर जातो आणि त्यावर शेरा लिहावा लागतो. व्हॉट्सॲपवर रात्री अकराला टाकलेल्या मजकुराला कोणताही आवक क्रमांक नसतो, आणि नंतर तो कोणी वाचलाच नाही असे म्हणायला मोकळीक राहते. मुख्याध्यापकांकडून अपेक्षा ही की आठवड्यातले ठरलेले वार आणि वेळ भेटीसाठी राखलेली असावी, ती फाटकाजवळच्या फलकावर लिहिलेली असावी, आणि लेखी अर्जाला लेखी उत्तर आठवडाभरात मिळावे. उत्तर 'नाही' असेल तरी चालेल, कारण लिहिलेले असावे. हक्क कायद्यातल्या बाबींवर शाळेकडून दाद मिळाली नाही तर स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे मुंबईत महापालिकेकडे, लेखी तक्रार करता येते, आणि त्यांनी ती तीन महिन्यांत निकाली काढायची आहे. त्यावेळी हातात आवक क्रमांकाची प्रत असेल तर निम्मे काम झालेले असते.

आता वर्गाकडे. मुख्याध्यापक स्वतः किती वर्गांत जाऊन बसतात, हा पालकांनी विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे असे आमचे ठाम मत आहे. मुख्याध्यापकांनी शिक्षकाची तासिका मागच्या बाकावर बसून पाहायची आणि लॉगबुकात निरीक्षण लिहायचे, ही जुनी आणि चांगली पद्धत. शाळेत ४० शिक्षक असतील आणि प्रत्येकाचे वर्षात दोन पाठ पाहायचे तर ८० तासिका होतात. हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० कामाचे दिवस धरले आहेत, म्हणजे अंदाजे दर तिसऱ्या दिवशी एक तासिका. ठरवले तर सहज जमते. न जमण्याचे कारण बहुतेक वेळा कार्यालयाचे काम असते: यूडायसची (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीची) माहिती, आधार पडताळणी, संचमान्यता (पटावरून शिक्षकांची पदे मंजूर करून घेणे), शालार्थ या सरकारी ऑनलाइन प्रणालीतली पगारबिले, शिष्यवृत्तीचे अर्ज. मुख्याध्यापकांचा दिवस लॉगइन आणि ओटीपीत जातो. हे खरे आहे, पालकांनी ते समजूनही घ्यावे. पण ज्या मुख्याध्यापकांनी चार महिन्यांत एकही वर्ग पाहिला नाही त्यांना "सातवी ब-चे गणित का कच्चे आहे" याचे उत्तर देता येणार नाही, आणि ते उत्तर मागण्याचा पालकांना हक्क आहे.

याला जोडूनच बदली तासांचा प्रश्न येतो. शिक्षक रजेवर किंवा बाहेरच्या ड्युटीवर असला की त्याचे तास कोण घेणार याचा तक्ता सकाळी शाळा भरण्यापूर्वी शिक्षकखोलीत लागला पाहिजे. हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका या कामांवर पाठवता येते, बाकी अशैक्षणिक कामांवर नाही. २०२७ च्या जनगणनेसाठीही शिक्षक घेतले जाणारच, त्याला मुख्याध्यापक नाही म्हणू शकत नाहीत. पण ज्या वर्गाचे शिक्षक जातात त्या वर्गाचा अभ्यासक्रम किती मागे पडला आणि तो कधी भरून काढणार, हे त्यांनी कागदावर मांडून सांगावे. "सरकारी काम आहे, आम्ही काय करणार" हे अर्धेच उत्तर झाले. एकाच वर्गातले दोन विषयशिक्षक एकदम ड्युटीवर जाऊ नयेत एवढे तरी यादी पाठवताना मुख्याध्यापकांना पाहता येते. आणि कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. स्वतःच्याच वर्गातली मुले स्वतःच्या क्लासला ओढणाऱ्या शिक्षकाला थांबवणे हे मुख्याध्यापकांचेच काम, त्यात कानाडोळा चालत नाही.

पावसाळ्यात मुंबईतल्या मुख्याध्यापकांची खरी परीक्षा होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हजारो मुले शाळांत आणि बसमध्ये अडकली. ८ जुलै २०२४ ला पहाटेच पाणी भरले आणि महापालिकेला सकाळच्या सत्राला सुट्टी द्यावी लागली. सुट्टी आधी जाहीर झाली तर प्रश्न नसतो. कठीण असतो तो दिवस ज्या दिवशी शाळा भरते आणि अकरानंतर पाऊस वाढतो. दोन सत्रांच्या शाळेत साडेबाराच्या सुमारास सकाळची मुले बाहेर पडत असतात आणि दुपारची आत येत असतात. एकाच फाटकातून, छत्र्या आणि रेनकोटसकट, दोन्ही बाजूंची मिळून हजार-दीड हजार मुले. रस्त्यावर पाणी, बस एका बाजूला अडकलेली, रिक्षा उलट्या दिशेने घुसलेल्या. अशा वेळी काय करायचे हे त्या क्षणी ठरवायचे नसते, जूनमध्येच ठरलेले असावे लागते.

ठरलेले असावे ते असे. भरतीचे वेळापत्रक कार्यालयात लावलेले, महापालिका साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस आधीच जाहीर करते, त्या तारखांना खूण केलेली. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा आला की दुपारच्या सत्राचा निर्णय अकराच्या आत, आणि तो एकाच ठिकाणाहून, एकाच मजकुरात सर्व पालकांना. वर्गशिक्षकांनी आपापल्या ग्रुपवर वेगवेगळे लिहिले की पालक गोंधळतात आणि सगळे एकदम फाटकावर येतात. प्रत्येक वर्गाची छापील यादी हवी, मुलाला न्यायला येऊ शकणाऱ्या दोन माणसांची नावे आणि दोन फोन नंबर, त्यातला एक घरातल्या कोणाचा नसून शेजाऱ्याचा असला तर उत्तम, कारण गाड्या बंद पडल्या की आई-बाबा दोघेही चर्चगेट नाहीतर ठाण्याला अडकलेले असतात. मूल सोपवताना घड्याळाची वेळ आणि नेणाऱ्याची सही. तळमजल्याचे वर्ग वर हलवायचे, तळमजल्याचा वीजपुरवठा बंद करायचा, पिण्याचे पाणी भरून ठेवायचे, बिस्किटांचे दोन खोके कपाटात. आणि शेवटचे मूल जाईपर्यंत दोन शिक्षक आणि एक शिपाईमावशी शाळेत.

यातली सर्वांत मोठी चूक चांगल्या हेतूने होते. पाऊस वाढला की मुख्याध्यापक घाबरून शाळा लवकर सोडतात. नेमकी भरतीची वेळ असते, पाणी गुडघ्याला लागलेले असते, मॅनहोल दिसत नाही, आणि पाचवी-सहावीची मुले दप्तर डोक्यावर घेऊन चालत निघतात. अशा वेळी मुलांना इमारतीत ठेवून घेणे हाच बहुधा सुरक्षित मार्ग असतो. पालकांनीही मग "आत्ताच्या आत्ता सोडा" म्हणून फाटक ठोठावू नये.

बसबद्दल: महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूलबस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते आणि तिचे अध्यक्ष मुख्याध्यापक असतात. तिच्यात पालकांचा प्रतिनिधी, पोलीस, आरटीओचे निरीक्षक, शिक्षण खात्याचे आणि बसमालकाचे प्रतिनिधी येतात. थांबे, भाडे, गाडीची फिटनेस, विमा, चालकाचा परवाना, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी हे या समितीने पाहायचे. मुली असलेल्या बसमध्ये महिला मदतनीस हवी. "बस कंत्राटदाराची आहे, आमचा संबंध नाही" हे उत्तर ऐकू आले की पालकांनी शांतपणे एकच विचारावे: समितीची शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त दाखवता का? बऱ्याच ठिकाणी समिती कागदावर असते आणि इतिवृत्ताची वही कोरी.

इमारतीच्या आगीच्या सुरक्षेबद्दल थोडक्यात. महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायदा २००६ नुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे 'फॉर्म बी' प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचे असते. ते कार्यालयात लावलेले आहे का ते पाहा. त्याच वेळी दुसरा जिना चढून बघा. चोरीच्या किंवा शिस्तीच्या नावाखाली त्याच्या जाळीला कुलूप असते आणि किल्ली शिपायाच्या खिशात. प्रमाणपत्र कितीही ताजे असले तरी बंद जिन्याचा उपयोग नाही.

ज्या गोष्टीत मुख्याध्यापकांची चूक क्षम्य नाही, ती मुलांच्या लैंगिक सुरक्षेची. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ नुसार असा प्रकार घडल्याचे कळले, किंवा घडू शकतो अशी धास्ती वाटली, तरी पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि हाताखालच्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत संस्थेच्या प्रमुखाने न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना उघड झाल्यावर राज्य सरकारने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षेसाठीची शाळेतली समिती) याबद्दल शाळांना पुन्हा बजावले. कॅमेरे बहुतेक शाळांत लागले. पण पहिल्या तासात काय करायचे ते किती मुख्याध्यापकांनी आपल्या शिक्षकांना सांगितले आहे?

त्या तासात घडते ते असे. मूल एखाद्या बाईंना काही सांगते. त्या पर्यवेक्षकांना सांगतात, पर्यवेक्षक मुख्याध्यापकांना, मुख्याध्यापक संस्थेच्या चिटणीसांना. प्रत्येक पायरीवर मुलाला बोलावून पुन्हा विचारले जाते. मग 'आधी आपण चौकशी करू' म्हणून समिती नेमतात, ज्याच्यावर आरोप आहे त्याला समोर उभे करतात. तेवढ्यात दिवस जातात, कॅमेऱ्याचे चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरची डिस्क भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते, आणि मूल घाबरून गप्प होते. शाळेला गुन्ह्याचा तपास करायचा अधिकारच नाही. मुख्याध्यापकांनी एकदाच, मूल जे बोलले ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे, पालकांना बोलवावे, पोलिसांना लेखी कळवावे, चित्रण वेगळे काढून सीलबंद ठेवावे, आणि मुलाचे नाव कोणत्याही ग्रुपवर, नोटिशीवर, सभेत येऊ देऊ नये. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, साध्या कपड्यात घ्यायचा असतो. पोलीस गणवेशात वर्गापर्यंत येऊ लागले तर त्यांना अदबीने थांबवणे हेही मुख्याध्यापकांचेच काम. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येक मजल्यावर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लिहिलेला असावा. तक्रारपेटी शिपायाच्या स्टुलासमोर टांगली तर तिच्यात चिठ्ठी पडणार नाही. पेटी कुठे आहे आणि ती कोण, कोणत्या वारी उघडतो, हे पालकसभेत जरूर विचारा.

शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. फी थकली म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभे करणे, वर्गात नाव घेऊन सांगणे हा मानसिक छळच. फीबद्दल बोलायचे ते पालकांशी, मुलाशी नाही. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही हेही लक्षात ठेवा.

फीचे म्हणाल तर खासगी शाळांना २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष मुख्याध्यापक, उपाध्यक्ष पालक, सचिव शिक्षक. पालक सदस्य इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडायचे, मुख्याध्यापकांच्या पसंतीने नव्हे. पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव सहा महिने आधी समितीपुढे यायला हवा आणि मंजूर फी दोन शैक्षणिक वर्षे लागू राहते. चिठ्ठ्या कधी टाकल्या, कोणासमोर टाकल्या, एवढे विचारले तरी पुष्कळ कळते.

दप्तराच्या ओझ्यावर सगळे बोलतात, पण ते ओझे मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठरते हे ध्यानात येत नाही. मुलाच्या वजनाच्या दहा टक्के ही मर्यादा. तिसरीतले मूल २४ किलोचे असेल तर दप्तर २ किलो ४०० ग्रॅम. त्यात एक लिटर पाणीच १ किलोचे. शाळेचा कूलर बंद असेल किंवा पाण्याची टाकी कधी धुतली ते कोणाला माहीत नसेल तर आई लिटरची बाटली देणारच. चांगले पाणी आणि टाकी धुतल्याची तारीख नळाजवळ लिहिलेली असेल तर तीच आई अर्धी बाटली देईल. दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. दिवसात आठ वेगवेगळे विषय ठेवले तर आठ वह्या, आठ पुस्तके. जोड तास लावून पाच विषय ठेवले तर वजन आपोआप उतरते. दोन्ही गोष्टींना मंजुरी लागत नाही, मुख्याध्यापकांची इच्छा पुरते.

अध्ययन अक्षमतेच्या मुलांबाबत उशीर हाच मुख्य दोष आहे. वाचताना ओळ सुटणे, अक्षरे उलटी लिहिणे, तोंडी हुशार पण कागदावर शून्य, हे दुसरी-तिसरीत वर्गशिक्षिकेला दिसते. पालकांना ते नववीच्या शेवटी सांगितले जाते. मग शीव, नायर, केईएमसारख्या रुग्णालयांत प्रमाणपत्रासाठी धावाधाव, तिथे तपासण्यांना अनेक फेऱ्या, आणि बोर्डाचे अर्ज तोंडावर. प्रमाणपत्र वेळेत असेल तर दहावीला तासाला २० मिनिटे जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मुख्याध्यापकांनी दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी तिसरी ते पाचवीच्या वर्गशिक्षकांकडून अशा मुलांची नावे घ्यावीत, पालकांना एकेकट्याने बोलवावे, रुग्णालयासाठी शाळेचे पत्र आणि आधीच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती सोबत द्याव्यात. पालकांनी हे ऐकून रागावू नये. "माझे मूल वेडे आहे का" हा प्रश्न अनेकदा मुख्याध्यापकांना गप्प करतो, आणि मुलाची चार वर्षे वाया जातात.

आता काय मागू नये. अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापकांना शिक्षक नेमता येत नाही, काढता येत नाही. शिक्षकाविरुद्ध ते ज्ञापन देऊ शकतात, खुलासा घेऊ शकतात, गोपनीय अहवालात नोंद करू शकतात, संस्थेकडे अहवाल पाठवू शकतात. बडतर्फी खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या १९७७ च्या कायद्यानुसार रीतसर चौकशीनंतरच होते. "त्या बाईंना उद्यापासून वर्गावर पाठवू नका" ही मागणी संध्याकाळच्या आत पुरी होणार नाही. दुसऱ्या मुलाला काय शिक्षा केली, त्याच्या घरी काय परिस्थिती आहे, हे मुख्याध्यापक सांगत नसतील तर ते योग्यच करत आहेत. उद्या तुमच्या मुलाबद्दलही ते असेच गप्प राहतील. अंतर्गत गुण वाढवून मागू नका. सोसायटीतल्या दोन कुटुंबांच्या भांडणात शाळेला ओढू नका. रात्री फोन करू नका.

शेवटी, ही सही कोणाची आहे तेही तपासा. खासगी शाळांत बहुतेक मुख्याध्यापक सेवाज्येष्ठतेने येतात आणि ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. पद रिकामे झाले, किंवा पट कमी होऊन मंजूरच राहिले नाही, की 'प्रभारी' म्हणून कोणीतरी बसते. प्रभारींना सह्यांचे अधिकार शिक्षण खात्याकडून लेखी मिळावे लागतात. ते मिळेपर्यंत पगारबिले अडतात, बोर्डाचे अर्ज अडतात, आणि त्या काळात दिलेल्या दाखल्यावर पुढे शंका घेतली जाते. तुमच्या शाळेत खुर्ची बदलली असेल तर नव्या बाईंना किंवा सरांना शुभेच्छा देताना विचारून घ्या: सह्यांचे अधिकार आले का, पत्राची तारीख काय? आणि मार्च ते जूनच्या दरम्यान दाखला घेतला असेल तर त्यावरची सही कोणत्या पदनामाने केली आहे ते घरी जाण्यापूर्वी, खिडकीसमोरच उभे राहून वाचा.

आपले,
मुंबईतील काही निवृत्त मुख्याध्यापक
(नावे संपादकांकडे)